चौतीस नावं, सहा तिकिटं आणि आग्र्यापर्यंतची गाडी

एस.वाय.ला होते तेव्हाची गोष्ट, डिसेंबर २०२२. विषय भूगोल, कॉलेज सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, आणि माझा रेल्वेचा तोपर्यंतचा एकूण अनुभव म्हणजे लहानपणी आत्याकडे जाताना मिरज ते सांगली. तेवढाच. त्यातही मी झोपले होते असं आई सांगते. आमच्याकडे कुठंही जायचं म्हणजे एसटी, मग ते पंढरपूर असो नाहीतर मुंबई, त्यामुळे सरांनी वर्गात जेव्हा सांगितलं की या वर्षी स्टडी टूर आग्र्याला आणि ती पण रेल्वेने स्लीपरने, तेव्हा निम्म्या वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि निम्म्या वर्गाने विचारलं, सर स्लीपर म्हणजे झोपून जायचं का.

मी टाळ्या वाजवणाऱ्यात होते आणि जरा जास्तच जोरात वाजवल्या बहुतेक, कारण तिकिटांचं काम माझ्यावर आलं. "तुझं अक्षर चांगलंय" असं कारण दिलं गेलं. अक्षराचा काय संबंध हे मला नंतर कळलं, सगळे फॉर्म हातानेच भरायचे होते.

तर तिकिटांचं सांगते, कारण कुणाला ग्रुपने जायचं असेल तर उपयोग होईल. विद्यार्थ्यांना शैक्षणिक सहलीसाठी स्लीपरला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, पण ती ऑनलाइन नाही मिळत, काउंटरवरच जावं लागतं, आणि सोबत प्राचार्यांच्या सहीचा गोल शिक्क्याचा कन्सेशन फॉर्म लागतो. रिझर्वेशनच्या एका फॉर्मवर सहाच नावं बसतात. आम्ही ३२ मुलं-मुली आणि सर-मॅडम मिळून ३४, म्हणजे सहा फॉर्म. तेव्हा रिझर्वेशन १२० दिवस आधी उघडायचं (आता ते ६० वर आणलंय), म्हणजे स्वातंत्र्यदिन झाला की दुसऱ्या दिवशी काउंटरला उभं राहायला पाहिजे होतं. पण निम्म्या लोकांचे पैसे आले नव्हते, तिघींच्या घरून होकार नव्हता, एकीच्या आजोबांनी तर सरांना फोन करून विचारलं की उत्तरेकडं भूगोल आहे आणि आपल्याकडं नाही का. सगळं जमून यायला गणपतीच्या आदला आठवडा उजाडला.

काउंटरवरच्या काकांनी सहा फॉर्म बघितले, माझ्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाले, आधारवर आहे तसंच नाव लिहिलंय ना, नाहीतर गाडीत रडाल. मी म्हटलं हो. आणि घरी येऊन यादी ताडून बघते तर एका मुलाचं वय १९ च्या जागी ९१ पडलेलं. मीच तसं लिहिलेलं. त्याला पुढे टूरभर सगळे "आजोबा" म्हणत होते आणि तो बिचारा खरंच सगळ्यात आधी झोपायचा.

पाच फॉर्मची ३० तिकिटं कन्फर्म, आणि शेवटच्या फॉर्मची चार आरएसी. आरएसी म्हणजे गाडीत बसायची गॅरंटी, झोपायची नाही. शेवटच्या फॉर्मवर कोणाची नावं होती? माझं, माझ्या रूममेटचं आणि आणखी दोन मुलींची, कारण लिहिणारी मी, स्वतःचं नाव आधी कसं लिहू. तो चांगुलपणा पुढे १४०० किलोमीटर पुरला.

हो आणि एक राहिलं. मूळ प्लॅन असा होता की गुरुवारी रात्री पोचायचं आणि शुक्रवारी सकाळी ताजमहाल. मॅडमनी वेळीच सांगितलं की शुक्रवारी ताज बंद असतो. सर म्हणाले बरोबर, माझ्या लक्षात होतं. त्यांच्या लक्षात नव्हतं. पण शुक्रवार किल्ल्याला दिला आणि शनिवार ताजला, आणि हे सगळं तिकीट काढायच्या आधी झालं म्हणून वाचलो.

निघायच्या दिवशी बुधवारी सकाळी एसटीने पुणे. दुपारी चार्ट लागला, आमच्या चारपैकी दोघींना बर्थ मिळाले, मी आणि रूममेट आरएसीतच राहिलो. गाडी संध्याकाळची होती. पुणे स्टेशनवर ३४ जणांना एका खांबापाशी उभं करणं हे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, एक पाणी आणायला जातो, एक त्याला शोधायला जातो, तिसरा म्हणतो मी वडापाव घेऊन आलोच. त्यात आमचे सहा पीएनआर तीन डब्यांत विखुरलेले, एस-४, एस-५ आणि एस-७. मला वाटलं होतं सगळे एकत्र बसू, गाणी म्हणू. एस-६ मध्ये आपलं कोणीच नाही, तो फक्त ओलांडून जायचा डबा. त्या दोन दिवसांत मी एस-६ इतक्या वेळा ओलांडला की तिथल्या एका बाईंनी शेवटी विचारलं, "बेटी, कुछ खो गया है क्या?"

मोजायचं काम पण माझ्याकडेच. प्रत्येक मोठं स्टेशन सुटलं की तिन्ही डब्यांतून फिरायचं, डोकी मोजायची, मॅडमना येऊन आकडा सांगायचा. दौंड ३४. अहमदनगर ३४. कोपरगाव ३४, त्यातले चार टॉयलेटच्या रांगेत.

आता डब्याबद्दल. मी डोक्यात जे चित्र केलं होतं ते सिनेमातलं, खिडकी, वारा, समोर कोणीतरी वाचत बसलेलं. प्रत्यक्षात आठ बर्थच्या एका कप्प्यात आम्ही पंधरा जण होतो आणि त्यातले सात कोण आहेत ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. कोणी वेटिंगचं तिकीट घेऊन, कोणी जनरलचं, कोणी फक्त "अगले स्टेशन तक". पहिले दोन तास मला याचा खूप राग आला. चार महिने आधी रांगेत उभं राहून तिकीट काढलं आणि माझ्या अर्ध्या सीटच्या पाव भागावर एक माणूस बूड टेकवून बसलाय, वर मलाच म्हणतो जरा सरको. मी पण माझ्या हिंदीत त्याला सांगितलं, "भैया, ये हमारा आरएसी है, इधर मत टेको." टेको हा शब्द हिंदीत असाच चालतो की नाही देवजाणे पण तो उठला. आणि डब्याच्या दारात जाऊन पेपर अंथरून बसला, मांडीवर लहान मुलगी. मग मला जेवण जाईना. मी रूममेटला म्हटलं बोलव ना त्याला, ती म्हणाली तूच उठवलंस तूच बोलव. शेवटी मुलीला तेवढं आमच्यात घेतलं. मनमाडच्या पुढे गेल्यावर ती आमच्या पायाशी झोपली आणि बाप उभ्या उभ्या डुलक्या घेत राहिला.

जेवणाचं मात्र आमचं भारी होतं. प्रत्येकाच्या घरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, कुणाच्या आईने तर लाडवांचा डबा दिलेला, जणू आम्ही सैन्यात चाललोय. सरांनी सक्त ताकीद दिलेली की अनोळखी माणसाकडून काही खायचं नाही, पण देऊ नका असं म्हणाले नव्हते. समोरचे काका विदिशाचे होते, पुण्यात मुलाकडे येऊन परत चाललेले. त्यांना ठेचा दिला. त्यांनी भाजी समजून चमचाभर घेतला. पुढची पाच मिनिटं काका काही बोलले नाहीत, फक्त बाटली हलवून खूण केली, पाणी. डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "तुम लोग ये रोज़ खाते हो?" पण नंतर थोड्या वेळाने परत मागितला, पुरीला लावून, अगदी कणभर.

रात्री दहाला मधले बर्थ लावायचे, सकाळी सहाला पाडायचे असा नियम आहे, आणि तो नियम का आहे ते मधला बर्थ वाट्याला आलेल्या माणसाला विचारा. खालचे लोक बसून गप्पा मारणार, तोपर्यंत तुम्ही आडवं कसं होणार. आमच्याकडे वेगळीच गंमत. साइड लोअर म्हणजे दिवसा दोन समोरासमोर सीट, रात्री पाठी आडव्या पाडून एक बर्थ, त्यावर आम्ही दोघी. डोकं दोन टोकांना, पाय एकमेकींच्या तोंडाशी. मधल्या फटीत माझा मोबाइल गेला, तो काढायला परत सगळं उचललं. ती म्हणाली तुझे पाय गार पडलेत, मी म्हटलं तुझे मोजे ओले का आहेत. ते ओले का होते हे तिने सांगितलं नाही पण आम्हाला दोघींनाही माहीत होतं, टॉयलेटमध्ये गाडीच्या धक्क्याने पाणी कुठं कुठं उडतं ते. स्लीपरला चादर-ब्लँकेट मिळत नाही, हे सरांनी सूचनेत लिहिलं होतं आणि आम्ही वाचलं नव्हतं.

भुसावळला मध्यरात्र उलटून गेलेली. मी मोजायला उठले. ३४. प्लॅटफॉर्मवर एक बाई केळी विकत होती, "ताई घ्या, गोड हाय" म्हणाली, आणि मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. त्यानंतर तीन दिवस कोणी ताई म्हणणार नव्हतं.

भुसावळ सोडलं की तापी लागते, पण अंधारात नुसता आवाज. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो, एवढंच. सर जागे होते. ते रात्रभर जागेच होते बहुतेक, वरच्या बर्थवरून पाय खाली सोडून. मला म्हणाले आता बऱ्हाणपूर येईल, बघ. स्टेशनात पिवळे दिवे, दोन कुत्री, एक हमाल झोपलेला. मी म्हटलं काय बघू सर. ते म्हणाले मुमताज इथं गेली, १६३१ साली, बाळंतपणात. आधी इथंच पुरलं होतं, नंतर देह आग्र्याला नेला. आपण त्याच वाटेने चाललोय. मग म्हणाले, सातपुडा ओलांडायला ही बऱ्हाणपूरची खिंडच सोयीची, म्हणून फौजा पण इथून, व्यापारी पण इथून आणि रेल्वे पण इथूनच. असीरगडाला दख्खनचा दरवाजा उगाच नाही म्हणत. परीक्षेत हे "सातपुडा पर्वतातील खिंडी, टिपा लिहा" असं येतं. मी चार मार्कांसाठी पाठ केलं होतं आणि ते पहाटे दोनला माझ्या बुडाखालून जात होतं.

इटारसीला उजाडायला आलेलं. आणि थंडी. आमच्याकडची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर, दहाला काढला. ही थंडी खिडकीच्या फटीतून आत येऊन कानात बसते. स्टेशनवर पुरीभाजी द्रोणात, गरम, तिखट नाही पण गरम, मी दोन द्रोण खाल्ले. त्यानंतर गाडी सुटल्यावर थोड्या वेळात डब्यात एकदम हालचाल झाली, झोपलेली माणसं उठून बसायला लागली, काचा वर गेल्या. मला वाटलं कोणी चोर सापडला. विदिशावाले काका म्हणाले, "नर्मदा मैया."

पाण्यावर वाफ होती, सूर्य नुकताच वर येत होता, पुलाचे खांब एकेक करून डोळ्यासमोरून जात होते धाड धाड, आणि एका आजींनी पदराच्या गाठीतून नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि खिडकीतून टाकलं. ते पुलाच्या गर्डरला आपटून टण्ण वाजलं. आजींना वाईट वाटलं, त्यांनी परत गाठ सोडली. या वेळी हात बाहेर काढून नीट अंदाज घेऊन टाकलं. गेलं ते पाण्यात. आजी "नर्मदे हर" म्हणाल्या आणि लगेच परत आडव्या झाल्या, पाच मिनिटात घोरायला लागल्या. आमच्यातल्या एकीने विचारलं, सर, नर्मदा इथं पश्चिमेला वाहते ना, तर अरबी समुद्र कुठल्या बाजूला? आणि सरांनी झोपलेल्या आजींच्या अंगावरून हात करून दाखवलं, त्या बाजूला. पश्चिमेकडे वाहणाऱ्या दोन मोठ्या नद्या, तापी रात्री आणि नर्मदा सकाळी, मधे सातपुडा, आणि आता समोर विंध्य. पुस्तकात हा छेद एका बोटाएवढा असतो.

मग बुदनीचा घाट, झाडी, दोन बोगदे असतील किंवा तीन, मी त्या वेळी मोजायला गेले होते. आणि इथेच ते झालं. एस-४ मध्ये १२, एस-५ मध्ये १३, एस-७ मध्ये १०. पस्तीस.

परत मोजलं. पस्तीस. कमी आले असते तर काय करायचं ते मला माहीत होतं, मॅडमना सांगायचं, साखळी ओढायची, रडायचं. जास्त आले तर काय करायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी नावं वाचून हजेरी घेतली. एस-७ मध्ये मुलं बदाम सात खेळत बसलेली, सगळ्यांनी हजर हजर म्हटलं आणि एक मुलगा नुसता माझ्याकडे बघून हसला. आमच्याच वयाचा, आमच्यासारखीच टोपी, हातात पत्ते. मी म्हटलं तू कोण? तर पोरं म्हणाली अगं हा खंडव्याला चढलाय, ग्वाल्हेरला चाललाय, भरतीच्या ग्राउंडला. जनरलचं तिकीट होतं त्याच्याकडे आणि जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टीसी आले की तो उठून जायचा आणि टीसी गेले की येऊन आपले पत्ते परत हातात घ्यायचा, आणि आमच्या पोरांनी तेवढा वेळ ते पत्ते न बघता पालथे ठेवलेले असायचे, हे मला विशेष वाटलं, कारण आपसात खेळताना हीच पोरं एकमेकांचे पत्ते चोरतात. मॅडमना मी ३४ सांगितले. खोटं नव्हतं ते.

टीसींना मात्र मी घाबरून होते, सहा तिकिटं, ३२ जणांच्या सवलतीचे कागद, सगळ्यांची ओळखपत्रं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घेऊन बसलेली. ते आले, पहिलं तिकीट बघितलं, वय ९१ वर बोट ठेवून म्हणाले, "ये दादाजी कहाँ हैं?" आजोबा वरच्या बर्थवर कानात इयरफोन घालून झोपलेला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेनाने टिक करून पुढे गेले.

भोपाळच्या आधी राणी कमलापती स्टेशन, जुनं हबीबगंज, चकाचक, एअरपोर्टसारखं, मुलांनी फोटो काढले. भोपाळला गाडी थांबली तेव्हा मॅडम म्हणाल्या की १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री वायू इथपर्यंत, या स्टेशनपर्यंत आला होता. तारीख नुकतीच होऊन गेलेली. चहावाला काचेवर टकटक करत होता. कोणी चहा घेतला नाही त्या वेळी, किंवा घेतला असेल, मला आठवत नाही.

भोपाळच्या पुढचा तास माझ्यासाठी सगळ्या टूरमधला बेस्ट. सरांनी आदल्या दिवसापासून सांगून ठेवलेलं की भोपाळ आणि विदिशाच्या मधे आपण कर्कवृत्त ओलांडणार. आता कर्कवृत्त म्हणजे काय रुळावर आडवी पट्टी नसते. पण आमच्यातल्या एकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांश दाखवणारं अ‍ॅप होतं. भोपाळला आकडा २३.२ च्या आसपास. तो खिडकीच्या गजाला मोबाइल टेकवून बसला आणि त्याच्याभोवती आम्ही वीस जण, सगळ्यांचे श्वास त्याच्या मानेवर. २३.३८. २३.३९. गाडी मधेच हळू झाली, आकडा अडकला, पोरं ओरडली चल ना बाई. २३.४१. नेटवर्क गेलं, कुणीतरी म्हटलं झालं, संपलं, सर म्हणाले त्याला नेटवर्क लागत नाही रे, उपग्रह लागतात, धर तसाच. २३.४२. २३.४३. आणि २३.४४ झाल्या झाल्या असा काय गलका झाला की बाजूच्या कप्प्यातली माणसं उठून आली. एकाने विचारलं, "क्या हुआ, कोई नेता चढ़ा है क्या?"

मी माझ्या हिंदीत समजावलं की इथून एक रेषा जाते, सूर्य २१ जूनला बरोबर इथं डोक्यावर येतो, आणि याच्या वर, म्हणजे उत्तरेला, तो कधीच डोक्यावर येत नाही. विदिशावाले काका ऐकत होते. म्हणाले, "पैंसठ साल का हूँ, यहीं का हूँ. सड़क पे बोर्ड देखा था, सोचा ठेकेदार ने लगाया होगा." मग बराच वेळ खिडकीबाहेर हरभऱ्याच्या शेतांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने मला विचारलं की त्यांच्या मेव्हण्याचं शेत सलामतपूरजवळ आहे, तर रेषा त्यातून जाते का. मी म्हटलं जवळूनच जात असणार. त्यांनी लगेच मेव्हण्याला फोन लावला.

सांची लगेच पुढे. टेकडीवर स्तूप, गाडीतून छोटासाच दिसतो, अर्धा मिनिट. एकाने खिशातून २०० ची नोट काढून उलटी करून खिडकीला लावली, खरंच, नोटेवर तोच आहे, आम्ही रोज खिशात घेऊन फिरत होतो. विदिशाला काका उतरले. उतरताना रूममेटच्या हातात पेरूंची पिशवी दिली आणि "ठेचा" हा शब्द नीट म्हणून दाखवला.

त्यानंतर दुपार लांबली. बीना, ललितपूर, झाशी, गाडी हळूहळू मागे पडत गेली, कोण म्हणे पुढे धुकं, कोण म्हणे मालगाडी. लोक सारखे तेच प्रश्न विचारायचे, कहाँ से हो, कितने भाई-बहन, पापा क्या करते हैं, शादी हुई क्या. पहिल्या दिवशी राग यायचा, दुसऱ्या दिवशी मीच विचारायला लागले. ग्वाल्हेरला आमचा पस्तिसावा उतरला. पोरांनी त्याला धपाट्यांचं शेवटचं पुडकं दिलं, त्याने प्लॅटफॉर्मवर उभं राहून दोन्ही हातांनी टाटा केला, आणि गाडी सुटल्यावर मी मोजायला गेले तर आकडा ३४ आला आणि मला आधी एक कमी वाटला.

मुरैनाला गजक घेतली, तीळ आणि गुळाची, जिभेवर ठेवली की पत्र्यासारखी कुरकुरते आणि मग विरघळते, थंडीतच मिळते चांगली. आणि मग चंबळ. सूर्य मावळत होता, जमीन अशी चिरफाळलेली की कोणी रागाने नांगरलीय, मातीच्या भिंती, घळया, त्यात काटेरी झुडपं. सर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मला वाटतं त्यांनी पण ते पहिल्यांदाच बघितलं. नंतर विचारलं तर म्हणाले, वीस वर्षं शिकवतोय.

चंबळ ओलांडली की राजस्थान, धौलपूर, तिथे गाडी थांबली तर दोघातिघांनी उतरून प्लॅटफॉर्मवर पाय टेकवले, राजस्थान झालं म्हणाले. थोड्या वेळात उत्तर प्रदेश. आग्र्याच्या बाहेर आउटरला गाडी तास-दीड तास उभी, डब्यात अंधार, पाणी संपलेलं, शेवटी रात्री साडेआठच्या सुमारास आग्रा कँट. मी फाइल छातीशी धरून उतरले. पाय जमिनीवर असून जमीन हलत होती, ते झोपेपर्यंत गेलं नाही.

आग्र्याचं जास्त सांगत नाही, ते सगळ्यांनीच बघितलेलं असतं. शुक्रवारी किल्ला. बाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथं आमचं कोणी सांगायच्या आत "जय" निघालंच, आणि गाइड म्हणाला, "महाराष्ट्र से हो, पता चल गया." मार्च १६६६ ला राजगडावरून निघून मे महिन्यात महाराज इथं पोचले होते, आम्ही सव्वीस-सत्तावीस तासांत आलो आणि वाटेत आउटरला तासभर उभं केलं म्हणून कुरकुरत होतो. शनिवारी सकाळी सातला ताजच्या गेटवर, तिकीट ५० आणि मुख्य कबरीसाठी आणखी २००, आत गेलो तर ताजमहाल नाही. खरंच नाही. समोर नुसतं पांढरं धुकं. एकजण म्हणाला सर पैसे परत देतील का. दीड तास गारठून बसलो, मग आधी घुमटाचं टोक आलं, मग एक मिनार, आणि साडेनऊच्या सुमारास सगळा. मला बऱ्हाणपूरची ती दोन कुत्री आणि पिवळे दिवे आठवले. पेठा घेतला, तो कोहळ्याचा असतो हे कळल्यावर निम्म्या जणांनी परत ठेवला.

परतीला सगळे कन्फर्म, मला वरचा बर्थ, आणि मी चौदा तास झोपले. मोजायचं काम रूममेटने केलं. मला जाग आली ती भुसावळच्या आसपास, खालून आवाज आला "ओ ताई, पाय घ्या की जरा आत". मी पाय आत घेतले आणि डोळे उघडायच्या आधीच हसायला लागले.

सोमवारी कॉलेजमध्ये हिशोब. ऑडिटला मूळ तिकिटं लागतात म्हणाले. मला ती सहा तिकिटं ठेवायची होती, ९१ वर्षांचे आजोबा आणि टीसींची टिक असलेली, म्हणून मी झेरॉक्स जमा करायला गेले. चालणार नाही. मग ओरिजिनल दिली आणि म्हटलं काका, जमा केल्याची पावती द्या.

क्लार्क काकांनी चष्म्यावरून बघितलं. "तिकिटाचीबी पावती लागती व्हय तुला?"